दुपारी पांढरं दिसत नाही

१८ मे, शनिवार. येरंडीटोला

पोचलो एकदाचे! धानोऱ्याच्या पुढे डांबर संपलं, मग मुरूम संपला, मग रस्ताच संपला, आणि जिथं काहीच उरलं नाही तिथं गाव निघालं. तीस-चाळीस कवेलूची घरं, मधोमध शाळा, शाळेसमोर हातपंप, त्याच्याभोवती चिखल आणि चिखलात आरामात पडलेली डुकरं. या उन्हात डुकरांचा हेवा वाटला. मला गाव बघताक्षणी आवडलं. इथंच राहावं असं वाटलं. सैफ म्हणाला, तुले हर गावात असंच वाटते बे, अन् चार दिवसांत तूच म्हणते का चल इथून.

खोटं नाही बोलला. बारावी अर्धी टाकल्यापासून मी हैदराबादला बिर्याणी वाढली, पुण्यात पार्सलं पोचवली, चंद्रपुरात वरातीत डीजेचे डबे उचलले. गडचांदूरला आई म्हणते, प्रफुल, तुह्या पायाले भिंगरी हाय, बांधून ठेवली तरी खाट घेऊन फिरशील. यावेळी काम मात्र मनासारखं मिळालंय. फिरायचेच पैसे. एका संस्थेचा पिक्चर गावोगाव दाखवायचा. ध्रुवावरचे प्राणी, पांढरी अस्वलं, कोल्हे, ते मिशावाले मोठे सुळे असलेले काय ते. जग तापतंय, बर्फ वितळतोय, त्यांचं काय होणार, असा विषय. आईबाप-लेकरं सगळ्यांनी मिळून बघायचा पिक्चर आहे असं संस्थेच्या संघप्रिया मॅडमनी सांगितलं. रोज काय घडलं ते वहीत लिहायचं, ही पण त्यांचीच अट. गाडी, प्रोजेक्टर, जनरेटर जलालुद्दीन चाचांचं. चंद्रपुरात त्यांचं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. सैफ त्यांचा पुतण्या, गाडी तोच चालवतो, मशीनला मला हात लावू देत नाही.

आमची सोय मंगलीबाईच्या छपरीत. तिचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला तो अजून परतला नाही. घरात ती आणि तिची पोरगी गुड्डी. गुड्डी सहाएक वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. मला विचारते, थे पांढरं अस्वल मोहफुलं खाते का? मी म्हटलं, तिथं मोहाचं झाडच नाही. तर म्हणते, मंग थे दारू कायची काढतेत? मंगलीबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि हसत हसत आम्हाला आंबील दिली. इथल्या काळ्या अस्वलाला ही माणसं वाघापेक्षा जास्त भितात. वाघ निघून जातो, अस्वल तोंड फाडते, असं ती म्हणाली.

उन्हानं डोकं भणभणतंय, पण मजा वाटतेय.

१९ मे, रविवार

दिवसभर वैताग. आधी जनरेटर रुसला. मग सैफनं मराठी आवाज लावून बघितला तर शुद्ध पुण्याची बाई, हिमनगांच्या कुशीत पहुडलेली शुभ्र माता वगैरे. तपासायला दहा पोरं बसवली होती, त्यातली आठ पळाली. संस्थेला हे चार गावांआधीच कळवलं होतं. मॅडम म्हणाल्या बघते. अजून बघतायत. शेवटी मी सैफला म्हटलं, हिचा आवाज बंद कर, माईक मले दे, मीच बोलतो. मागच्या गावातही असंच केलं होतं आणि पोरं हसून हसून लोळली होती.

निवडणुकीला शाळेत मतदान होतं म्हणून भिंतीला नवा चुना मारलाय. पडद्याची गरजच पडली नाही. अंधार पडला तसा अख्खा गाव जमला. म्हातारे खाटा घेऊन आले.

मी सुरू केलं. म्हटलं, ही पाहा आपली पांढरी मावशी. बिळातून निघून राह्यली. मांगं तिचे दोन पोट्टे. एक शहाणा, एक आपल्या लटारूभाऊसारखा. गाव हसला, दुपारी जनरेटर ढकलायला आलेला लटारू सगळ्यात जोरात. मावशी शिकारीला जाते तेव्हा पंज्यानं आपलं काळं नाक झाकते, म्हणजे सगळं अंग पांढऱ्यात पांढरं, दिसतच नाही, हेही सांगितलं. हे खरं का खोटं मला माहीत नाही, कुठंतरी ऐकलंय. पोरं नाकावर हात धरून एकमेकांच्या अंगावर धावली. पिल्लाचा आवाज मी स्वतः काढला, बारीक, नाकातून: आई वोऽ, मी इथीऽ!

मग तो भाग आला. बर्फ तडकतो, एक पिल्लू तुकड्यावर बसून वाहत जातं. आई पाण्यात उतरते, पोहते, पोहते, वर येऊन वास घेते. सापडत नाही. मागच्या गावात सैफनं इथून पिक्चर पुढं ढकलला होता, यावेळी विसरला. आणि कॅमेरावाल्यानं तिच्यावरून कॅमेराच हलवला नाही. मी नुसता हाक मारत राहिलो, आई वोऽ, मी इथीऽ. गुड्डीनं भोकाड पसरलं. तिच्यामागं सगळी पोरं.

आता रडक्या पोरांना काय सांगायचं? निसर्गाचा नियम? मी म्हटलं, रडू नोका बे, पिल्लू मेलं नाई. थे वाहत वाहत आपल्या येरंडीटोल्यालेच आलं. तुमच्यातच लपून बसलं हाय. मावशी उद्या येते त्याले न्यायले. पण तिले घर माहीत नाई ना, म्हनून तुम्ही आवाज देत राहा. पोरांचे डोळे लगेच कोरडे. सगळ्यांनी एका सुरात हाक दिली. भिंतीवर मावशी तशीच उभी होती, आमच्याकडे बघत.

सैफ मशीन गुंडाळत होता तेव्हा गावाचा पुजारी सोमाजी बुढा आला. म्हणाला, उद्या दिवस वर आला का गाव बांधाचं हाय, तुम्ही त्याच्या आंधी निंगजा. पावसाळ्याच्या आधी हे लोक गावाच्या चारही शिवा मंत्रानं बांधतात. बाहेरचं बाहेर, आतलं आत. शुक्रवारी सकाळी सोडेपर्यंत कोणी येत नाही, कोणी जात नाही. सैफ म्हणाला, बाबा, सहा वाजता गाडी चालू.

२० मे, सोमवार

चूक माझी. लिहूनच टाकतो.

पहाटे सैफ सामान भरत होता. एक म्हातारा जाळी घेऊन निघाला, म्हणाला डोहाचं पाणी आटलं, मासे हातानं धरता येतेत. मी म्हटलं पाच मिनिटं बघून येतो. मासे खरंच हातानं धरता येत होते! वेळेचं भान राहिलं नाही. परत आलो तेव्हा म्हातारा आणि मी गावात शिरलेले शेवटचे दोघं. मागं सोमाजी शिवेवर खिळा ठोकत होता. गवताची दोरी, राख, लिंबू. वाघ, बिबट, अस्वल, साप, विंचू, ताप, एकेकाचं नाव घेऊन त्यांना बाहेर थांबायला सांगत होता.

सैफ माझ्याशी बोलत नाही. गाडीत बसून आहे, इंजीन बंद, दार उघडं, तोंडावर ओला दुपट्टा. फक्त एवढं म्हणाला, तू मासे पकडत राह्य बे, मी इथी भाजून निंगतो. त्याच्या आत्याच्या घरी उद्या लग्न आहे. मला परवा-तेरवा घरी पोचायचं होतं, गुरुवारी बुद्धपौर्णिमा, आई खीर करून वाट बघणार. फोनला एक दांडी रेंज नाही. शुक्रवारपर्यंत काय करायचं इथं?

दुपारी गाव मेल्यासारखा झोपला. मी पाणी प्यायला हातपंपावर गेलो. सिमेंटच्या ओट्यावर पावलं. ओली. एकेक पाऊल भाकरीच्या तव्याएवढं, पुढं पाच बोटं, बोटांपुढं नखांचे टिपके. डुकरं गायब. मी ओरडत गाडीकडे धावलो, सैफला ओढत आणला. तेवढ्यात सगळं सुकलं. सिमेंट असं तापलेलं की पाण्याचा डागसुद्धा राहिला नाही. सैफ ओट्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, टोपी घाल.

२१ मे, मंगळवार

पोरांनी जीव नको केलाय. सकाळपासून गल्लीगल्लीतून एकच. आई वोऽ, मी इथीऽ! माझाच आवाज, माझाच सूर. लपाछपीत तेच, अंघोळीत तेच. गुड्डीला तर असा जमलाय की मला स्वतःलाच फसायला होतं. मी तिला म्हटलं आता पुरे. ती म्हणाली, तूच त म्हनला आवाज देत राहा, मावशी आली अन् आम्ही झोपून राह्यलो त?

मंगलीबाईच्या घराची मागची भिंत गार लागली. बाहेर सत्तेचाळीस असेल, भिंत माठासारखी गार. हात लावून मंगलीबाईला बोलावलं. ती चूल सोडून आली तोवर भिंत तापली होती. तिनं मला विचारलं, भाऊ, तुमच्या घरी असं कोनाले होते का? म्हणजे डोक्याचं.

दुपारी छपरीतून बघत होतो. उन्हात गल्ली पांढरी, चुन्याची भिंत पांढरी, आभाळ पांढरं. डोळे उघडे ठेवता येत नाहीत. गल्लीच्या टोकाला हवेत एक काळा ठिपका. कावळा असेल म्हटलं. पण कावळा हलतो. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, ओला चमकणारा ठिपका. मी डोळे चोळले. ठिपका होता तिथंच.

मग नव्हता. उडाला नाही. कुणीतरी झाकल्यासारखा गेला.

सैफला सांगितलं. त्यानं माझ्या डोक्यावर बादली ओतली. त्याचा राग येतो आणि त्याचं बरोबरही वाटतं. माझ्या जागी तो असता तर मीही हेच केलं असतं.

२२ मे, बुधवार

लटारूचा पोरगा दुपारी गल्लीत बसलेला सापडला. त्या उन्हात! ओठ निळे, दात वाजत होते, केस ओले आणि एका बाजूला चाटून बसवल्यासारखे. अंगाला माशाचा वास. लटारूनं चादरी टाकल्या, शेक दिला, तासाभरानं पोरगा बोलता झाला. म्हणाला मी लपून आवाज देत होतो, मावशी आली, तिनं वास घेतला, मले चाटलं, अन् मंग म्हन्ली हा नोहे. कशी म्हणाली विचारलं तर नुसतं नाक फुरफुरवून दाखवलं.

म्हणजे ती आवाजावर येते. एकेक पोर तपासून बघतेय. तिचं पिल्लू ज्या आवाजात ओरडलं तो आवाज शोधतेय.

आणि सगळ्यात हुबेहूब आवाज गुड्डीचा.

सोमाजीकडे गेलो. रविवारी माईकवर काय बोललो ते सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलून देईल. तो तंबाखू चोळत ऐकत राहिला. म्हणाला, मी काय करू गा? मी बांधलं त थे आतच होती. अन् मी अस्वलाचं नाव घेतलं थे काळ्याचं. हिचं नाव मले कोनं सांगतलं? मी म्हटलं मग सोडा गाव, आत्ता सोडा. तो चिडला. म्हणाला, अर्धं बांधलेलं सोडलं त जे जे भायेर थांबलं थे सगळं आत येते, शुक्रवारच्या आंधी नाई. मग हळू आवाजात म्हणाला, थे वाईट नाई. तिचं घर तुटलं. घर असतं त कायले आली असती कोनाच्या बोलावण्यावर? पण पाव्हण्याले ज्यानं बोलावलं त्यानंच शिवेभायेर पोचवाचं असते. गाव नाई पोचवत.

मी म्हटलं मी तर या गावाचाच नाही. तो म्हणाला, मंग बोलावलं काऊन?

२३ मे, बुद्धपौर्णिमा

घरोघर फिरलो. पोरांना आवाज देऊ नका म्हणून हात जोडले. कुणी पोरगं थांबेना. जितकं नको म्हणावं तितकं जास्त. दोन बायांनी मला शिव्या घातल्या. लटारू म्हणाला, पिक्चरवाल्या, आंधी आग लावाची अन् मंग पानी पानी कराचं.

मंगलीबाईला सांगितलं गुड्डीला घराबाहेर सोडू नका. यावेळी तिनं माझ्या डोक्याचं विचारलं नाही. लटारूच्या पोराला बघून आली होती. गुड्डीला तिनं कोंडली, बाहेरून कडी घातली. गुड्डी आतून रडली, मग गप्प झाली. आम्हाला वाटलं झोपली.

छपराचे कवेलू सरकवून निघाली.

शाळेच्या भिंतीखाली सापडली, जिथं पिक्चर दाखवला तिथं. सावली नाही, काही नाही, भर उन्हात आखडून पडलेली. अंग बर्फ. चुन्याच्या भिंतीवर ओला पट्टा, कुणी अंग घासत गेल्यासारखा, आणि आम्ही बघत असतानाच तो सुकत गेला. सैफनं पण बघितला. सैफ खाली बसला. म्हणाला, यार, मी तुले टोपी घाल म्हनलो.

गुड्डी जिवंत आहे. चार गोधड्या, शेगडी, मोहाचं तेल चोळलं. डोळे मिटलेलेच. पण ओठ हलतात. आई वो. मी इथी. ती म्हणते आणि भिंतीच्या पलीकडून कुणीतरी दमल्यासारखं फुरफुरतं. पुन्हा म्हणते. पुन्हा.

मंगलीबाईनं तिच्या तोंडावर हात धरलाय. रात्रभर धरून बसणार. माझ्याकडे न बघता म्हणाली, तुमची पाव्हणी हाय भाऊ. घेऊन जा.

सैफ म्हणतो उद्या शिव सुटली की गुड्डीला गाडीत घालू, थेट गडचिरोलीचा दवाखाना. आणि तिनं झोपेत आवाज दिला तर? मावशी गाडीमागं येईल. दवाखान्यात येईल. तिथं किती पोरं.

मीच जातो पुढं. आवाज माझाच आहे. पोरं नुसती नक्कल करतायत, पहिला मीच काढला. तिला मूळ आवाज मिळाला तर ती नकलेमागं कशाला जाईल?

आज घरी खीर असेल.

२४ मे, शुक्रवार

सोमाजीनं खिळा काढला. मी शिवेवर उभा राहून हाक दिली. आई वोऽ, मी इथीऽ!

हसू आलं. एवढा मोठा बाप्या.

मग गल्लीच्या टोकाला ठिपका. आला. लोक भिंतींना चिकटले. त्यांना दिसली का माहीत नाही, पण ती लटारूच्या घरासमोरून गेली तशी तिथल्यांनी अंगावर दुपट्टे ओढून घेतले.

गुड्डीच्या दाराशी थांबली. मी ओरडलो. हलली.

सैफ गाडी काढायला थांबलाय. मी लांब गेलो की दुसऱ्या वाटेनं गुड्डीला नेणार. तेवढा वेळ मिळवायचा. एवढंच.

तेच, नंतर

उत्तरेला चालतोय. तिचं घर उत्तरेला ना. उत्तरेला काय आहे? कुरखेडा. त्याच्या पुढं? भूगोलाला मी मागच्या बाकावर होतो.

हाक मारली की चालते. थांबलो की थांबते, मागं वळून वास घेते. म्हणून थांबता येत नाही. चालत लिहितोय, अक्षर बघा.

एकदा दिसली, पळसाच्या सावलीतून आली तेव्हा. पिक्चरमधल्यासारखी नाही. कातडं लोंबतंय. बरगड्या. इतकी बारीक. माझी भीती गेली आणि मग जास्त आली.

गाडीचा आवाज अजून का नाही? सैफ, काऊन उशीर करून राह्यला बे —

तेच

बाटलीतलं पाणी गोठलं. सत्तेचाळीस डिग्री आणि बाटलीत दगड! पिता येत नाही. काखेत धरली, फोडली, चोखली. घसा —

घसा बसला. हवा निघते नुसती.

इथून गाव दिसतंय अजून. एवढं चालून एवढंच. गाडी शाळेपाशीच. चालू होत नाही वाटतं. लोक ढकलतायत.

ठिपका वळला. गावाकडे.

वाऱ्यावर — गुड्डी. शुद्धीवर आली. माझ्या हाकेला ओ देतेय पोट्टी. तोंड दाबा कुणीतरी तिचं — मंगलीबाई —

ओरडतोय. आवाज नाही.

नाही.

आईला सांगून यायला पाहिजे होतं. एक फोन. कुठं आहे मी, कुणालाच —

रडू आलं. तोंडातून जे निघालं ते पिल्लाचं सोंग नव्हतं. माझंच होतं. फाटकं, घोगरं, माझंच.

ठिपका थांबला.

वळला.

येतेय. पळायचं नाही. पळालो तर गावाकडे पळेन, दुसरी वाटच नाही. दगडावर बसलो. लिहीत राहतो, म्हणजे पाय जागेवर राहतील.

इंजीन. चालू झालं! धूळ. गाडी निघाली. दुसऱ्या वाटेनं — जा बे — जा —

ठिपका कुठं गेला? इथं सगळं पांढरं. माती, आभाळ. कुठं आहे कळत —

माशाचा वास.

पानावर सावली पडली. सकाळपासून अंगावर पहिली सावली. गार. इतकं बरं वाट—